स्टारफील्ड: पहिले ६२ तास, ४० फ्रेम्स आणि एक जहाज

स्टारफील्ड हा अंतराळात भटकण्याचा व्हिडिओ गेम, आणि ही माझ्या पहिल्या ६२ तासांची नोंद. आधी मशीन सांगते, म्हणजे पुढचे आकडे कशाचे आहेत ते कळेल. रायझन ५ ३६००, आरटीएक्स २०६० (६ जीबी), १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि १४४ हर्ट्झचा १०८०पी मॉनिटर. गेमची किमान अट आहे रायझन ५ २६००एक्स आणि जीटीएक्स १०७० टीआय. शिफारस केलेलं मशीन म्हणजे रायझन ५ ३६००एक्स आणि आरटीएक्स २०८०. मी या दोन्हींच्या मधे कुठेतरी. १२५ जीबी जागा लागते आणि एसएसडी ही अटच आहे. ती अट गंभीरपणे घ्या. हार्ड डिस्कवर टाकलं की आवाज आणि ओठ यांची फारकत होते, चालताना गेम थबकतो, आणि मग दोष ग्राफिक्स कार्डाच्या माथी मारला जातो.

तास ० ते ३

गेम ६ सप्टेंबर २०२३ला आला, मी त्याच रात्री बसले. पहिल्यांदा सुरू केल्यावर शेडर्स (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम) तयार होतात, ते पूर्ण होऊ द्या. घाईघाईनं पुढे गेलात तर पहिला तासभर झटके बसत राहतील.

साल २३३०. व्हेक्टेरा नावाच्या चंद्रावरची खाण, हातात कटर, खडकात पुरलेला एक धातूचा तुकडा. त्याला हात लावल्यावर दिसणारी दृश्यं, मग समुद्री चाच्यांच्या जातीतल्या क्रिमसन फ्लीटचा हल्ला, आणि तासाभरात ‘फ्रंटियर’ नावाचं जहाज आपल्या हवाली. सुरुवात मला फार धावती वाटली. कालपर्यंत खाणीत राबणाऱ्या माणसाला कोणी इतक्या सहज जहाज देईल का? पण कॉकपिटमधे बसून पहिल्यांदा इंजिन पेटवलं तेव्हा तो प्रश्न मी बाजूला ठेवला. ती खुर्ची, जाडजूड बटणं, पांढऱ्या पॅनेलांवरचे ओरखडे, पट्ट्यांनी बांधलेलं सामान. बनवणारे या शैलीला ‘नासापंक’ म्हणतात. प्रत्येक वस्तू कोणीतरी वापरलेली, दुरुस्त केलेली वाटते. नुसती जहाजाच्या आत हिंडण्यात माझी वीस मिनिटं गेली.

इथपर्यंत सेटिंग्ज मीडियम, एफएसआर २ (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणारं तंत्र) चालू, आणि आत-बाहेर सगळीकडे सेकंदाला ५० ते ६० फ्रेम्स, म्हणजे चित्रं. मला वाटलं, लोक उगाच घाबरवत होते.

तास ४: न्यू अटलांटिस

अल्फा सेंटॉरी, म्हणजे आपल्यापासून ४.३७ प्रकाशवर्षांवरची तारकासंहती. तिथल्या जेमिसन ग्रहावर उतरले, अवकाशतळावरून शहराकडे वळले आणि आकडा ३४वर आला. शिवाय तो स्थिर नाही. वळलं की ४२, दोन पावलं टाकली की ३३, माणसांच्या घोळक्यातून गेलं की एक ठसका.

नेहमीची चाचणी केली. एकाच जागी उभं राहून रेंडर रिझोल्यूशन, म्हणजे चित्र मुळात किती बारकाईनं काढलं जातं ते, १००वरून ५० टक्क्यांवर आणलं. आकडा जागचा हलला नाही, ग्राफिक्स कार्डाचा वापर मात्र धपकन खाली आला. म्हणजे कार्ड मोकळं बसलंय आणि प्रोसेसर धापा टाकतोय. अशा ठिकाणी सावल्या, प्रतिबिंबं, एफएसआर यांच्याशी कितीही खेळलात तरी हाती काही लागत नाही. शहरातली माणसं, त्यांचे रस्ते, जागोजागी ठेवलेल्या शेकडो सुट्या वस्तू, हा सगळा हिशोब प्रोसेसरकडे आहे. या गेममधली प्रत्येक वस्तू खरोखर उचलता येते, ढकलता येते, आणि जिथे टाकली तिथे दहा तासांनीही सापडते. मला ते फार प्रिय आहे, त्यामुळे त्याची ही किंमत मी समजू शकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायोसमधे शिरले आणि खरा शोध लागला. माझी रॅम ३२०० मेगाहर्ट्झची, पण तिला पूर्ण वेगानं चालवणारं एक्सएमपी प्रोफाइल कधी चालूच केलेलं नव्हतं. तीन वर्षं ती २१३३वर धावत होती. स्टारफील्ड मेमरीच्या वेगाला फार संवेदनशील आहे हे बऱ्याच चाचण्यांतून दिसलंय. प्रोफाइल चालू केलं, तीच जागा, तोच रस्ता: ३४चे ४१ झाले. एक रुपया खर्च न करता सात फ्रेम्स, आणि ठसके निम्म्यावर. तुमच्या शहरात आकडा कोसळत असेल तर नवीन कार्ड बघायच्या आधी टास्क मॅनेजरमधे मेमरीचा वेग बघा.

क्राउड डेन्सिटी, म्हणजे गर्दीचं प्रमाण, ‘लो’वर टाकली, आणखी दोन-तीन मिळाले. शहर थोडं ओकं दिसतं, पण चालेल.

तास ५ ते ११: आकड्याचा पाठलाग

हे सहा तास मी खेळले असं म्हणवत नाही. कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत होते. त्यातून जे कामाचं निघालं ते इतकं.

ग्राफिक्स कार्डावर सर्वांत मोठा भार शॅडो क्वालिटी आणि व्हॉल्युमेट्रिक लायटिंगचा. दोन्ही मीडियमवर ठेवल्यास डोळ्यांना फारसा फरक कळत नाही. प्रीसेट (सेटिंग्जचे तयार संच) निवडताना सावध राहा, कारण प्रीसेट गुपचूप रेंडर रिझोल्यूशनही बदलतात. अल्ट्रासुद्धा ७५ टक्क्यांवर चालतं. म्हणून आधी प्रीसेट, मग रिझोल्यूशन स्वतःच्या हातानं. १०८०पीवर ६७ टक्क्यांच्या खाली गेलं की केस आणि जाळ्या चमचमायला लागतात. टेक्स्चरसाठी वेगळं सेटिंगच दिलेलं नव्हतं. डीएलएसएस, म्हणजे एनव्हिडियाचं एफएसआरसारखं तंत्र, तेही सुरुवातीला नव्हतं (अधिकृतपणे ते नोव्हेंबर २०२३मधे आलं), तोवर ते मॉड, म्हणजे गेममधे बदल करणाऱ्या फाइली, बनवणाऱ्यांच्या कृपेनं. दृष्टिक्षेत्र बदलायलाही तेव्हा स्लायडर नव्हता (तो ऑक्टोबर २०२३मधे आला), कस्टम आयएनआय फाइल लिहावी लागायची. मी फर्स्ट-पर्सन दृश्यासाठी, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून बघताना, ९५ अंश ठेवलंय.

सर्वांत खटकलेली गोष्ट म्हणजे काळा रंग. अवकाशात काळं हे काळं असायला हवं. इथे रंगांवर सतत एक गाळणी चढवलेली असते आणि अंधार राखाडी दिसतो. गेम आला तेव्हा ब्राइटनेसचा साधा पर्यायही नव्हता. त्या गाळण्या बदलणारा एक छोटा मॉड टाकल्यावर गुहेत शिरताना पहिल्यांदा टॉर्चची गरज वाटली. फ्रेम्सवर परिणाम शून्य. हा एक बदल मी प्रत्येकाला सांगेन.

आणि मग ४०ची युक्ती. मॉनिटर १२० हर्ट्झवर आणायचा, रिव्हाट्यूनर या फ्रेम्सवर मर्यादा घालणाऱ्या प्रोग्रामनं गेम ४०वर बांधायचा. प्रत्येक फ्रेम बरोबर तीन रिफ्रेशना दिसते, म्हणून हालचाल सरळ येते. ३० फ्रेम्सला एका चित्रामागे ३३.३ मिलिसेकंद जातात, ६०ला १६.७. यांच्या बरोबर मध्यावर २५, म्हणजेच ४० फ्रेम्स. आकडा ३०च्या जवळचा वाटला तरी हाताला तो अर्ध्या वाटेवर लागतो. ५८वरून ३८वर आदळणाऱ्या गेमपेक्षा सतत ४० देणारा गेम मला कितीतरी हलका वाटला. फ्रेम्सचा आलेख सपाट झाला, मी तो झाकला, आणि त्यानंतर पुन्हा उघडलेला नाही.

तास १२ ते ३०: जिथे मी चुकत होते

खेळाबद्दल आता. हजाराहून अधिक ग्रह आहेत, कुठेही उतरता येतं, असं ऐकून मी उतरत सुटले. ग्रहामागून ग्रह. वनस्पती स्कॅन, खनिज स्कॅन, पाचशे मीटरवर एक ओसाड तळ, तो साफ करा, पुढे चला. चौथ्या ग्रहावर मी एका बेवारस क्रायो लॅबमधे शिरले आणि दोन वळणं घेतल्यावर थांबले. हीच लॅब मी आधी पाहिली होती. तेच दार, तेच टेबल, टेबलावर तीच चिठ्ठी. दुसऱ्याच ताऱ्याच्या ग्रहावर.

मला मनापासून वाईट वाटलं, हे लपवत नाही. रिकामे ग्रह मला चालतात. चंद्र रिकामाच असतो, आणि कमी गुरुत्वाकर्षणात बूस्ट पॅकनं घेतलेली एक लांब उडी, डोक्यावर कडी असलेला महाकाय ग्रह, एवढ्यावर मी खूश असते. पण कोणीतरी राहून गेलेली जागा जशीच्या तशी दुसरीकडे उगवली की तिथल्या माणसाची गोष्ट खोटी पडते.

प्रवासाचंही तसंच. नकाशा उघडा, ठिकाण निवडा, काळा पडदा, पोचलो. जमिनीवरून थेट अवकाशात सलग उड्डाण नाहीच. नकाशावरून उड्या मारताना माझं जहाज एका मेनूची सजावट बनलं होतं.

मग एक नियम केला: नकाशावरून प्रवास बंद. जहाजापर्यंत चालत जायचं, शिडी चढायची, खुर्चीत बसायचं. कक्षेत आल्यावर स्कॅनर उघडून मिशनच्या खुणेवर नाक धरायचं, तिथूनच ठिकाण निवडायचं, इतर यंत्रणांची शक्ती काढून ग्रॅव्ह ड्राइव्हला, म्हणजे ताऱ्यांमधलं अंतर उडी मारून कापणाऱ्या यंत्राला द्यायची आणि उडी. लोडिंग तेवढंच राहतं, पण आता ते उडीच्या चित्रामागे लपतं. मुख्य म्हणजे वाटेत माणसं भेटू लागली. कुणाला सुटा भाग हवा, कुणी नुसतंच गप्पा मारायला हाक देतं. एकदा एका जहाजातून ज्येष्ठ बाई बोलल्या, जेवायला बोलावलं, आणि नकाशावरून गेले असते तर हे मला कधी सापडलंच नसतं.

तास ३१ ते ५०

या टप्प्यात गेम खरा उघडला. गटांच्या कथा. यूसी व्हॅनगार्डची मालिका मला मुख्य कथेपेक्षा सरस वाटली, पहिल्याच मोहिमेतल्या उद्ध्वस्त वसाहतीत श्वास रोखून चालले. क्रिमसन फ्लीटमधे गुप्तहेर म्हणून शिरण्याची कथा अजून अर्धी आहे.

पात्र बनवताना मी ‘किड स्टफ’ हा गुण घेतला होता: आई-वडील हयात, आणि उत्पन्नातला थोडा हिस्सा आपोआप त्यांना जातो. न्यू अटलांटिसमधल्या त्यांच्या घरी गेले. दोघांचे चेहरे माझ्या पात्राच्या चेहऱ्यावरून बनवलेले. वडिलांच्या नाकात मी घडवलेलं नाक ओळखू आलं. आता प्रत्येक मोठ्या मोहिमेनंतर त्या घरी जाऊन येते, आणि दर वेळी ते काहीतरी नवीन बोलतात.

शून्य गुरुत्वाकर्षणातली लढाईही याच काळात आली. गोळीच्या धक्क्यानं आपणच मागे ढकलले जातो, म्हणून तिथे लेझर बरं. अशा जागा अजून हव्या होत्या.

थोडं कामाचं. लॉज म्हणजे न्यू अटलांटिसमधलं आपल्या गटाचं मुख्यालय, तिथल्या आपल्या खोलीतल्या पेटीला मर्यादा नाही, सगळं तिथे ओता. ओझं वाढलं की ऑक्सिजन संपतो आणि मग कार्बन डायऑक्साइड जीव घेतो. बंदी असलेला माल घेऊन मोठ्या शहरांच्या कक्षेत गेलात तर तपासणी होते. वुल्फ संहतीतल्या ‘द डेन’ला होत नाही. सर्वेक्षणाची माहिती ‘द आय’ या अवकाशस्थानकावरच्या व्लादिमीरला विका, तो जास्त देतो. दुकानदाराचे पैसे संपले तर ४८ तास थांबावं लागतं, त्यासाठी शुक्रावर जाऊन एक तास झोपा. शुक्र स्वतःभोवती इतका संथ फिरतो की तिथला एक दिवस आपल्या सुमारे ११७ दिवसांचा. गेमनं हे जवळपास पाळलंय, म्हणून तिथल्या एका तासात बाहेर शंभरेक तास उलटतात. ज्यांनी हे कोडमधे घातलं त्यांचा मला आदर वाटतो.

तास ५१ ते ६२: जहाज

आता सगळा वेळ यातच जातो. ‘मँटिस’च्या गुप्त तळावरून ‘रेझरलीफ’ मिळालं होतं, सुंदर आणि चपळ, पण कार्गो तुटपुंजा. त्याला खोलायला घेतलं. रिअ‍ॅक्टर, ग्रॅव्ह ड्राइव्ह, शील्ड, लँडिंग गिअर, डॉकर, राहण्याचे कक्ष, सगळं ठोकळ्यांसारखं जुळवायचं. वजन वाढलं की इंजिनं कमी पडतात, इंजिनं वाढवली की शक्ती पुरत नाही, आणि शक्ती रिअ‍ॅक्टरपेक्षा जास्त मागता येत नाही. काल दोन तास फक्त शिडी कुठे उघडेल याच्याशी झगडत होते, कारण कक्षांमधल्या दारांची जागा गेम ठरवतो, आपण नाही. शेवटी कक्षांचा क्रम उलटा केला आणि वाट सरळ झाली. आता कॉकपिटमधून मागे चालत आलं की कार्यशाळा, मग झोपायची जागा, मग मालाचा दरवाजा. माझ्या जहाजावरचे सोबती, सॅम आणि त्याची मुलगी कोरा, कुठेतरी गप्पा मारत उभे असतात.

जहाजांच्या लढाईचं एक गुपित: वेग पूर्ण ठेवू नका. वेगपट्टीच्या मधल्या पांढऱ्या भागात जहाज सर्वांत चटकन वळतं. हे कळेपर्यंत मी तीन जहाजांसमोर नेहमी मरत होते.

पुढचं लक्ष्य क वर्गाचा रिअ‍ॅक्टर. त्यासाठी पायलटिंगची चौथी पायरी लागते, आणि ती उघडायला ३० शत्रूजहाजं पाडावी लागतात. माझी १७ झाली आहेत. न्यू अटलांटिसमधल्या व्हॅनगार्डच्या सिम्युलेटरमधे पाडलेलीही धरली जातात, पण उरलेली १३ मी बाहेर, कक्षेतच पाडणार आहे. आज रात्री सेरपेंटिस संहतीकडे निघतेय, तिथे स्पेसरांचा, म्हणजे अंतराळातल्या लुटारूंचा, सुळसुळाट आहे.