१२००डी ते आर-१०: लेन्स जुनीच, बॉडी नवी (फ्लेमिंगो सीझनपर्यंतचं अपडेट)

मंडळी, अपडेट टाकायचं बरेच दिवस राहिलं होतं, आज रविवारी पोहे खाऊन बसलोय तर लिहूनच टाकतो. नव्या लोकांसाठी थोडक्यात: २०१४ मध्ये कॅनन १२००डी घेतलेला, तोच ड्युअल किटवाला (सोबत १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स), तेव्हा आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीत चार जणांकडे तोच होता आणि गणपतीच्या आरतीला चौघंही एकाच अँगलने फोटो काढायचो. नंतर किटमधली कर्रकर्र करणारी ५५-२५० विकून मुंबईच्या फोर्टातून सेकंडहँड ५५-२५० एसटीएम (शांत मोटरवाली) घेतली. आणि गेल्या मे महिन्यात आर-१० या कॅननच्याच मिररलेसची नुसती बॉडी प्लस जुन्या लेन्स तिच्यावर बसवणारा ईएफ-ईओएस आर ॲडॅप्टर. नवी लेन्स शून्य.

यावरून मला बरंच ऐकावं लागलं. "अरे आधी ग्लास (म्हणजे लेन्स) घे, बॉडी काय दोन वर्षांत जुनी होते." हा मंत्र मलाही पाठ आहे आणि पोर्ट्रेट, लग्नकार्य, गडावरचे लँडस्केप यांना तो शंभर टक्के लागू. पण उडणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत, आणि तेही एवढ्या जुन्या एंट्री लेव्हल बॉडीवर, तो अर्धाच खरा आहे असं माझं मत झालंय, आणि सीझन बघितल्यावर आणखी पक्कं झालंय.

कारण सांगतो. घ्यायच्या आधी मी ऐरोलीच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंच्या जुन्या फोटोंचे फोल्डर उघडून बसलो आणि डिलीट करायच्या लायकीचे फोटो नेमके कशामुळे गेले ते बघितलं. मला वाटलेलं नॉइज (कमी उजेडातले दाणे) निघेल, नाहीतर लेन्स सॉफ्ट निघेल. तसं फारसं काहीच नव्हतं. बहुतेक ठिकाणी फोकस मागच्या पक्ष्यावर किंवा सरळ पाण्यावर गेलेला, म्हणजे मागच्या लाटा अगदी कडक शार्प आणि पुढे गुलाबी ढग. जिथे फोकस बसलाय तिथे तीच स्वस्तातली एसटीएम एफ ७.१ (लेन्सच्या छिद्राचा आकडा, मोठा म्हणजे उजेड कमी) वर पिसं मोजता येतील इतकं डिटेल देत होती. आता १२००डीला फोकस पॉइंट ९, त्यातला क्रॉस टाइप (जास्त भरवशाचा) फक्त मधला, स्पीड सेकंदाला ३ फ्रेम, रॉ (प्रक्रिया न केलेली मोठी फाइल) मध्ये पाच-सहा फोटोंनंतर बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरतो आणि कॅमेरा गप्प. त्याच्यापुढे दोन लाखांची लेन्स लावली असती तरी मधला पॉइंट पक्ष्यावर धरून ठेवायचं काम मलाच करायचं होतं. म्हणून बॉडी.

कॅननमध्येच का राहिलो, तर ॲडॅप्टर. ईएफ आणि ईएफ-एस या जुन्या कॅनन लेन्स आर माउंटवर (आर-१० ची लेन्स जोडायची जागा) पूर्ण ऑटोफोकससकट चालतात, काही गमावावं लागत नाही. आमच्या ग्रुपातल्या एकाकडे एम५० (कॅननचीच आधीची, ईएफ-एम लेन्सवाली मिररलेस) आहे त्याची मात्र पंचाईत झालीये, ईएफ-एम लेन्स आर बॉडीवर बसतच नाहीत आणि ती सिरीजच २०२३ मध्ये बंद झाली. त्यात थर्ड पार्टीचं म्हणाल तर सिग्मा, टॅमरॉनला आर माउंटच्या क्रॉप (लहान सेन्सरच्या) बॉडीसाठी ऑटोफोकस लेन्स काढायला २०२४ उजाडलं, त्यामुळे जुनी लेन्स जवळ असणं हा मोठाच फायदा.

खरेदी परत फोर्टातच, बोरा बाजाराच्या बाजूला. एका दुकानात गेल्या गेल्या पहिला प्रश्न, "साहेब, बिल के साथ या बिना बिल?" बिना बिलचा भाव ऐकून मन डळमळतंच, पण इंडिया वॉरंटी नाही म्हणजे उद्या काही झालं तर सगळा खर्च आपल्या खिशातून, बिलवालाच घ्या. बाय द वे, जुना १२००डी विकायला काढला तेव्हा प्रत्येक जण शटर काउंट (आजवर किती फोटो काढले तो आकडा) विचारत होता. निकॉनवाल्यांचं सोपं आहे, त्यांच्या फोटोच्या एक्झिफमध्येच (फाइलसोबतच्या माहितीत) आकडा असतो, आपल्या कॅननमध्ये तो तसा सरळ मिळत नाही. शेवटी विकलाच नाही, भाचीला दिला, ती उपवन तलावावर जाऊन बगळ्यांचे काढते आणि माझ्यापेक्षा बरी फ्रेमिंग करते.

पावसाळा: ठाण्याच्या येऊरच्या जंगलात नवरंग पक्षी. ज्यांना माहितीये त्यांना माहितीये, जूनमध्ये शीळ ऐकू येते पण पक्षी झाडोऱ्याखाली पालापाचोळ्यात उड्या मारत असतो आणि उजेड असा की सकाळी आठला दिवा लावावासा वाटतो. २५० वर एफ ५.६, शटर १/२५०, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की नॉइज वाढतो) ६४०० च्या वर. इथे प्रामाणिक मत देतो, नॉइजसाठी अपग्रेड करणार असाल तर थांबा. आर-१० बरा आहे, जुन्यासारखे सावल्यांमध्ये पट्टे येत नाहीत, पण खरा फरक आजकालचे डीनॉइज सॉफ्टवेअर पाडतं, आणि ते १२००डीच्या जुन्या रॉ फाइलवर पण तेवढंच चालतं. मी जुने फोटो परत काढून चालवले, चांगलेच सुधारले. मला येऊरला जास्त आवडला तो सायलेंट शटर. १२००डीचा खटॅक आवाज झाला की नवरंग मान वर करून बघायचा आणि पुढच्या सेकंदाला गायब. आता तो आपला निवांत पानं उलटत असतो. (घरट्याच्या दिवसांत कॉल प्लेबॅक करणाऱ्यांबद्दल, म्हणजे आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणाऱ्यांबद्दल, मला काय वाटतं ते इथे लिहित नाही, ॲडमिन उडवतील.)

याच महिन्यांत लेन्सवर बुरशी धरते हे नव्यांसाठी परत सांगतो. ठाण्याची हवा जून ते सप्टेंबर लोणचं मुरवायला ठीक, लेन्सला नाही. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर हवाबंद झाकणाचा मोठा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर, काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. कपाटात, बॅगेत, त्यातही लेदरच्या केसमध्ये अजिबात ठेवू नका. जुनी १८-५५ टॉर्चसमोर धरली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात, ती आता नमुना म्हणून दाखवायला ठेवलीये.

डिसेंबरमध्ये शाळेच्या गॅदरिंगला सायलेंट शटरची दुसरी बाजू दिसली. स्टेजवर एलईडी लाइट, इलेक्ट्रॉनिक शटर, आणि फोटोभर आडवे काळे पट्टे. सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, तेवढ्यात लाइट लुकलुकतो, म्हणून. मेकॅनिकलवर टाकलं, पट्टे जवळपास गेले. हेच पक्ष्यांवर वेगळ्या रूपात येतं: इलेक्ट्रॉनिकवर सेकंदाला २३ फ्रेम मिळतात पण पंख खाली मारताना पक्षी असा वाकडा येतो की रबराचा वाटावा. मेकॅनिकलच्या १५ फ्रेम मला भरपूर झाल्या.

आता फ्लेमिंगो, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. जानेवारीपासून ट्रान्स हार्बर लोकलने ऐरोली, तिथून रिक्षाने वनखात्याच्या कांदळवन कक्षाच्या केंद्रावर आणि बोट. भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघितल्याशिवाय निघू नका, बोटीच्या वेळा त्यावरच असतात. पाणी ओसरलं की चिखल उघडा पडतो आणि पक्षी चरायला पसरतात, भरती चढली की त्यातले बरेच नेरुळ-सीवूड्सकडे टीएस चाणक्य, डीपीएस तलाव अशा ठिकाणी विसाव्याला जातात, तेव्हा बोट जमली नाही तर तिकडे काठावरून ट्राय करा. २०१५ पासून खाडीचा हा भाग अभयारण्य आहे, बोट ठराविक अंतरावरच थांबते, त्यामुळे २५० गुणिले १.६ (लहान सेन्सरमुळे) म्हणजे ४०० ची पोहोच आणि पुढे क्रॉप, दुसरा इलाज नाही.

ॲनिमल डिटेक्शनबद्दल (कॅमेरा स्वतःच पक्ष्याचा डोळा शोधून फोकस धरतो ते) जाहिरातीत दाखवतात तसं सगळंच होत नाही. एकटा पक्षी उडाला तर कमाल आहे, चौकट डोळ्याला अशी चिकटते की आपण फक्त कॅमेरा फिरवायचा. पण चरणारा फ्लेमिंगो चोच उलटी करून डोकं पाण्यात घालून बसतो, डोळा दिसतच नाही, मग चौकट पाठीवर, मानेवर, परत पाठीवर अशी नाचत राहते. आणि पन्नास जणांच्या थव्यात ती या डोळ्यावरून त्या डोळ्यावर उड्या मारते. मी आता स्टार बटणावर स्पॉट एएफ (एका छोट्या बिंदूवर फोकस) आणि एएफ-ऑन वर डोळेवालं ट्रॅकिंग असं वाटून टाकलंय, थव्यासाठी अंगठा एका बटणावर, उडाला की दुसऱ्यावर. सवय व्हायला वेळ लागला, बोटीत त्यात "दादा, खाली बसा" चालूच असतं.

इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरला मी आधी नावं ठेवायचो, आता शब्द मागे. सकाळच्या तिरप्या उन्हात ओला चिखल चांदीसारखा चमकतो, जुन्यावर मीटर फसायचा आणि पंख एक तर काळे नाहीतर पांढरेफट. आता हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) डोळ्यासमोर असतो, डायल दोन क्लिक फिरवली की झालं. किंमत मोजायची ती बॅटरीत. १२००डीचा कंपनीचा आकडा ५०० फोटोंच्या आसपास होता, आर-१० चा व्ह्यूफाइंडर वापरला तर जवळपास निम्मा. बर्स्टमध्ये फोटो जास्त निघतात पण एक्स्ट्रा बॅटरी खिशात हवीच.

बफर मात्र खटकतो. फुल रॉ मध्ये १५ च्या स्पीडला दोनेक सेकंदांत दम लागतो आणि माझं जुनं, कमी स्पीडचं यूएचएस-१ कार्ड असल्यामुळे परत श्वास घ्यायला वेळ लागतो. जास्त स्पीडचं यूएचएस-२ कार्ड घेतलं आणि सी-रॉ (दाबून लहान केलेली रॉ) वर आलो, आता सहन होतंय. आणि हलका म्हणून मिररलेस घेणाऱ्यांसाठी एक गंमत: आर-१० बॅटरी-कार्डसकट ४२९ ग्रॅम, ॲडॅप्टर ११०, म्हणजे ५३९. माझा १२००डी ४८० होता.

तर निकाल: लेन्स तीच, खाडी तीच, आणि उडत्या पक्ष्यांचे ठेवण्यासारखे फोटो कितीतरी वाढलेत. पोहोच कमी पडते हे खरंय. त्यामुळे आता डोळा आरएफ १००-४०० वर आहे, ६३५ ग्रॅम फक्त, ॲडॅप्टर पण सुटेल. घोडं अडलंय ते एफ ८ वर. खाडीत उन्हात चालून जाईल, पण येऊरला जूनमध्ये? ज्यांनी ती लेन्स पावसाळ्यात झाडीत वापरलीये त्यांनी आयएसओ कितीवर जातो ते रॉ फाइलसकट सांगा. एप्रिलमध्ये एका वीकेंडला भाड्याने घेऊन ऐरोलीला नेणार आहे, ओवळेकर वाडीत फुलपाखरांवर पण ट्राय करेन, फोटो पुढच्या अपडेटमध्ये.