बॉल पायथनची पहिली वीण करण्यापूर्वी

बॉल पायथन या छोट्या अजगराचे नर आणि मादी एकत्र ठेवण्याआधी पिल्लांचे पुढे काय होणार, हा प्रश्न सोडवायला हवा, कारण मादी एका वेळी साधारणतः 4 ते 8 अंडी घालते आणि त्यातून निघणारा प्रत्येक साप नीट सांभाळल्यास 20 ते 30 वर्षे जगू शकतो. आपल्या देशात हा साप पाळण्यास व त्याची पैदास करण्यास परवानगी आहे का, हेही आधीच तपासावे.

मादीच्या बाबतीत मी घाई अजिबात करत नाही. वय किमान 3 वर्षे आणि वजन 1500 ग्रॅमच्या आसपास झाल्याशिवाय तिला नरासोबत ठेवू नये, कारण गाभण काळात ती बहुधा खाणे सोडते आणि अंडी घातल्यावर पुष्कळच रोडावते.

जोडी निवडताना रंगापेक्षा प्रकृती पाहावी. ‘स्पायडर’ या मॉर्फमध्ये (म्हणजे जनुकामुळे येणाऱ्या रंग-नक्षीच्या प्रकारात) डोके डुगडुगण्याचा व तोल जाण्याचा मज्जासंस्थेचा दोष त्या जनुकासोबतच येतो. तो माहीत असूनही केवळ देखण्या नक्षीसाठी अशी वीण करणे मला क्रूरपणाचे वाटते.

अंडी ज्या स्थितीत घातली गेली त्याच स्थितीत, न फिरवता, सुमारे 31 अंश सेल्सिअस तापमानाच्या दमट इन्क्युबेटरमध्ये ठेवल्यास साधारण 55 ते 60 दिवसांत पिल्ले बाहेर येतात. पहिली कात टाकल्यानंतरच त्यांना खाद्य द्यावे, आणि अनेकदा स्वतःहून खाऊ लागल्याशिवाय एकही पिल्लू दुसऱ्याच्या हाती सोपवू नये.