बहिणींच्या सह्या

कांद्याच्या नुकसानीची सरकारी मदत मिळवताना पंचनामा हेच सगळ्यांत सोपं काम निघालं. गाव आमचं पुरंदर तालुक्यात, मी राहते हडपसरला. २०२५च्या सप्टेंबरात पाऊस थांबेना, दादाच्या कांद्यात पाणी तुंबलं आणि पाती पिवळ्या पडून मुळं सडली. तलाठी भाऊसाहेब, कृषी सहाय्यक, ग्रामसेवक असे तिघं मिळून बांधावर आले. नुकसान किमान ३३ टक्के लागतं. आमच्याकडे टक्के काढायची वेळच आली नाही. दादाने ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, आधीच केली होती, म्हणून सातबाऱ्यावर कांदा दिसत होता. शेजारच्यांची राहिली होती, त्यांच्या वावरात बराच खल चालला.

खरी गाठ पुढे होती. आमचे वडील, अण्णा, गेल्यावर वारस नोंद झाली आणि सातबाऱ्यावर आई, दादा, मी, धाकटी बहीण असे चौघं आलो. कसतो एकटा दादा. पण जमिनीचं सामायिक खातं म्हटल्यावर मदत एकतर ज्याच्या त्याच्या हिश्श्याने येते, नाहीतर बाकीच्यांनी संमती दिली की एकाच्याच नावावर. सगळी दादाच्या नावावर घ्यायची, हे फोनवर लगेच ठरलं. कागदावर यायला दिवाळी उलटली.

धाकटीच्या सासरी पहिला प्रश्न आला, “हक्कसोड तर नाही ना?” प्रश्न रास्तच होता. मदतीच्या, कर्जाच्या घाईत बहिणींकडून भलत्याच कागदावर सह्या घेतल्याच्या गोष्टी कुठल्या गावात नाहीत? म्हणून मजकूर मीच बसून लिहिला. गट नंबर, हंगाम, कशाची मदत ते, आणि शेवटी: ही संमती या अनुदानापुरतीच आहे, जमिनीतला आमचा हिस्सा कायम आहे. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, असल्या साध्या संमतीपत्राने हक्क जात नाही, हे धाकटीच्या सासऱ्यांना सांगितलं. तरी त्यांनी कागद चष्मा लावून पुन्हा वाचला, मगच तिने सही केली.

दादाला ते शेवटचं वाक्य लागलं. “एवढं लिहायची काय गरज होती?” वहिनीच म्हणाली, “लिहू द्या हो. उद्या आपल्या पोरीला तरी कळेल काय लिहायचं ते.”

दादाचा फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) तयार असल्याने वेगळी केवायसी करावी लागली नाही. पैसे सुटल्याचं कळलं तरी तो जिल्हा बँकेचं पासबुक भरून आणायचा आणि त्यात काहीच नसायचं. ही रक्कम आधारला जोडलेल्या खात्यात जाते, आपल्या नेहमीच्या खात्यात जाईलच असं नाही. आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून पाहिलं तर जोडलेलं निघालं गॅसच्या सबसिडीसाठी उघडलेलं जुनं खातं. पैसे तिथेच पडून होते.

बागायतीला मिळाले हेक्टरी १७,००० रुपये, म्हणजे एकराला सात हजारसुद्धा नाहीत. कांदा लावायची मजुरीच त्याहून जास्त गेली होती. कोरडवाहूवाल्यांना तर हेक्टरी ८,५००च.

त्याच वर्षी रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० वेगळे होते. भाऊसाहेबांनी जुना कागद वाचला, ‘या अनुदानापुरतीच’वर बोट ठेवलं आणि नवीन संमतीपत्र मागितलं. मजकूर तयार होता. या वेळी धाकटीच्या सासऱ्यांना आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता.