तुम्ही विचारलंत म्हणून: मी बाकावरच का बसते

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, प्रभूच्या आठवणीची भाकर आणि प्याला. सगळी मंडळी उठून पुढं जाते आणि मी बाकावरच बसून राहते. का, हे महिला मंडळात विचारून झालं, लग्नाच्या पंगतीत विचारून झालं, परवा तर रिक्षात विचारलं. दादाचं आणि माझं का फाटलं, घर त्याच्या नावावर कसं झालं आणि आई माझ्याकडे कशी आली, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते पुन्हा उगाळत नाही. पण तुमच्या प्रश्नाच्या पोटात दुसराच प्रश्न असतो: ख्रिस्ती असून इतका राग?

इफिसकरांस पत्रातलं ते वचन, राग आहे तोवर सूर्य मावळू देऊ नका, मीच संडे स्कूलच्या पोरांकडून घोकून घ्यायची. तेव्हाची मी फार ठाम बाई होते. आज ती भेटली तर तिला मार्कच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय उघडून देईन. शब्बाथाचा, म्हणजे काम न करण्याचा दिवस, सभास्थानात वाळल्या हाताचा माणूस. प्रभू विचारतो, आज बरं करणं योग्य की वाईट करणं? सगळे गप्प. तेव्हा तो रागानं सभोवार बघतो. त्या गप्प बसण्याचा त्याला राग आला, असं मी वाचते. ती ठाम बाई म्हणेल, तू काय प्रभू आहेस? बरोबर आहे तिचं.

मत्तय पाचमध्ये म्हटलंय, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे वेदीजवळ आठवलं तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. म्हणजे उठायचं कुणी? माझ्या हिशेबानं दादानं. हा वकिली मुद्दा झाला, कबूल. कारण अठराव्या अध्यायात ज्याचा अपराध झाला त्यालाही जायला सांगितलंय, दोघंच असताना बोलायला.

म्हणून मी गेले होते. उपवासकाळ चालू होता. फोन करून सांगितलं, एकटीच येते, तुझ्याशी बोलायचंय. पोचले तर बैठकीत सतरंजी अंथरलेली. वहिनीचे आईवडील, शेजारचं जोडपं, मंडळीचा कारभार बघणारे एक वडील (एल्डर), आणि प्रत्येकाच्या हातात गीतांचं पुस्तक. मला एकच विचारायचं होतं: बक्षीसपत्रावर आईची सही घेतलीस, तेव्हा तिला कागद वाचून दाखवला होतास का? पण आधी गीत झालं, मग दादा उठला आणि त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मोठा भाऊ तो, झटकता येईना. डोळे मिटून म्हणाला, 'प्रभू, माझ्या बहिणीचं कठीण मन तू मऊ केलंस, धन्यवाद. ती माझ्याविषयी जे जे बोलली त्याची मी तिला क्षमा करतो.' आईनं त्याला केलेली अंगठी माझ्या भांगात टोचत होती. सगळे आमेन म्हणाले. माझं आमेन यायचं होतं, म्हणून हात तसाच.

मी म्हटलं, 'दादा, कागद वाचून दाखवला होतास?'

कुणी हूं की चूं केलं नाही. हात निघाला. वहिनी चहा टाकते म्हणून आत गेली, मंडळीच्या वडिलांनी घड्याळ पाहिलं. चहा मी घेतला, बिस्किटंही खाल्ली. काय करणार, निघायचं कसं तेच सुचेना.

मंडळीला सांगायची पायरीही त्याच अठराव्या अध्यायात आहे, तीही केली. कमिटी म्हणाली, घरगुती बाब आहे, प्रार्थनेत ठेवू. अजून ठेवलेलीच आहे.

तुमच्यातल्याच एका जाणत्यानं मला तोडगाही आणून दिला. 1970 साली नागपुरात उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, तेव्हा अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले लोकही तिच्यात आले. त्यांच्या 1662च्या प्रार्थनापुस्तकात पाळकाला सूचना आहे: दोघांत वैर असेल तर समेट होईपर्यंत त्यांना प्रभूच्या मेजाशी घेऊ नये, पण एक जण मनापासून क्षमा करायला तयार असेल आणि दुसरा हटून बसला असेल, तर तयार असलेल्याला घ्यावं. झालं की मग, उठा, असं त्यांचं म्हणणं. अहो, पण मनापासून आहे ना तिथं! तोंडानं मी उद्या क्षमा करीन. दादा दर महिन्याला प्याला घेतो, ते त्याचं त्यानं बघावं. मी मात्र तो हात डोक्यावर असताना आमेन म्हटलं नाही, आणि पुढं जाणं म्हणजे मला ते आमेन म्हटल्यासारखंच वाटतं. हा राग आहे की नुसता हट्ट, हे मलाही सांगता येत नाही.

वैर विसरून भेटलेल्या याकोब-एसाव या भावांचा दाखला देणाऱ्यांनी अध्याय पुरा वाचावा. गळ्यात पडून रडले, खरं. मग याकोब म्हणाला, तू हो पुढं, मी तुझ्याकडे सेईरला येतोच. आणि गेला भलतीकडेच, सुक्कोथला. पुढं दोघं एकत्र दिसतात ते बापाला पुरताना.

आईला हे सगळं कळतं. या ईस्टरला दोघं शेजारी उभे राहा, एवढंच तिचं मागणं आहे. मी तिला हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. तोवर मागच्या बाकावरून मला कोपरानं ढोसू नका.