बंगल्यावाल्यांची शुगर

"मले कायची शुगर, मॅडम? ते तं बंगल्यातल्या लोकायले होते!"

आज उपकेंद्रात आईच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला गेलो होतो. पुढच्या काकू निंदणावर जाता जाता आलेल्या. अंगावर मांस नाही, पिशवीत विळा अन् पाच रुपयांचा बिस्किटपुडा, दुपारसाठी. मशीनवर शुगरचा आकडा 286, म्हणजे बराच जास्त.

"खाते काय मी? रेशनचा भात अन् चहा."

तिथंच तर गोम आहे. शेतात सोयाबीन आलं, ज्वारी गेली. आता तांदूळ फुकट अन् भाकर विकत.

काकूंचं तसं फार चुकलं नाही. देश गरीब असतो तोवर लठ्ठपणा, मधुमेह पैसेवाल्यांकडे जास्त. देश श्रीमंत होतो तसे ते गरिबांकडे सरकतात, त्यातही बायकांकडे आधी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या अभ्यासात प्रगत राज्यांच्या शहरांत मधुमेह गरिबांतच जास्त निघाला. खेड्यांत तेव्हा उलटं होतं. आणखी किती दिवस राहील, देव जाणे.

काकूंना सल्ला मिळाला, रोज अर्धा तास चाला. शेत कोसभर लांब आहे त्यांचं!

भिंतीवरच्या आहाराच्या पोस्टरवर ब्रोकोली होती. आपल्या आठवडी बाजारात कोणी पाहिली का हो कधी?