गाठ पिशवीत, आणि हिमोग्लोबिन १८?

फायब्रॉइड (गर्भाशयाच्या पिशवीतली गाठ) म्हटलं की पाळीत अंगावरून खूप जाणं, हिमोग्लोबिन ८-९ आणि लोहाच्या गोळ्या, हे समीकरण ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. म्हणून गाठ बेंबीपर्यंत आलेली असताना सीबीसीत (रक्तपेशींच्या साध्या तपासणीत) हिमोग्लोबिन १८ दिसलं, की घरचे खूश होतात. इथेच थांबायला हवं.

बाईचं हिमोग्लोबिन १६ किंवा हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) ४८ टक्क्यांच्या वर असेल, तर आधी भरपूर पाणी पिऊन सीबीसी पुन्हा करायची. आकडा तसाच राहिला तर ऑक्सिजन, सिगारेट, झोपेतलं घोरणं आणि सोनोग्राफीत मूत्रपिंडं बघायची. गाठीवर लोहाची गोळी सवयीने चालू असेल, तर ती तिथेच थांबवायची.

तांबड्या पेशी वाढवणारं एरिथ्रोपोएटिन हे मूत्रपिंडाचं काम. काही मोठ्या गाठी तेच स्वतः तयार करतात. हा प्रकार १९५३ सालापासून नोंदलेला आहे, पण दुर्मीळ. शिवाय गाठीने मूत्रनलिका दाबली तर तोही हातभार लागू शकतो. एरिथ्रोपोएटिनची पातळी आणि जॅक-२ (रक्तपेशींच्या जनुकातला बदल शोधणारी) तपासणी एकदमच सांगावी. पातळी कमी आणि जॅक-२ पॉझिटिव्ह, म्हणजे अस्थिमज्जेचा आजार. मग गाठ हा निव्वळ योगायोग. पातळी जास्त किंवा नॉर्मल आणि जॅक-२ निगेटिव्ह, तर संशय गाठीवर.

खरी भीती गुठळीची. रक्त दाट, त्यात ओटीपोटातल्या शिरांवर गाठीचा दाब. एकाच पायाला सूज, पोटरी दुखणं, अचानक धाप लागली तर तडक इमर्जन्सीत जायचं. इस्ट्रोजेनच्या गोळ्या किंवा रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड परस्पर घेऊ नये. ऑपरेशनआधी गरजेनुसार एका वेळी ३५० ते ४५० मिली रक्त काढून हिमॅटोक्रिट ४५च्या आसपास आणतात.

एक बारीक गोष्ट हमखास निसटते. पीटी-आयएनआरच्या (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीच्या) निळ्या झाकणाच्या नळीत ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रव्य, असतं. हिमॅटोक्रिट ५५च्या वर असेल तर प्लाझ्मा कमी, म्हणून सायट्रेट जास्त पडतं आणि आयएनआर खोटाच वाढलेला येतो. ऑपरेशन उगाच पुढे ढकललं जातं. सुई टोचण्याआधीच लॅबला आकडा सांगितला, तर ते सायट्रेट कमी करून नळी तयार ठेवतात.

गाठ किंवा पिशवी काढल्यावर आकडा दुसऱ्या दिवशी उतरत नाही. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. सहा आठवड्यांनी एक आणि तीन-चार महिन्यांनी दुसरी सीबीसी. तेव्हाही १६च्या वरच असेल, तर दोषी गाठ नव्हती; रक्तविकारतज्ज्ञांकडे परत जायचं.