पाणी जास्त झालेला रायडर

‘सर्व स्तरांतील रायडरसाठी’ हे शब्द आमच्या डोंगरी सायकल सहलींच्या प्रत्येक पत्रकावर असतात, आणि गाइडला त्यांचा अर्थ रोज सकाळी, समोर उभ्या असलेल्या माणसांकडे पाहून नव्याने लावावा लागतो. अमेरिकेतील युटा राज्यातील मोआब परिसरात ट्रेल, म्हणजे सायकलची कच्ची वाट, किती अवघड आहे हे खुणांनी दाखवतात. हिरवे वर्तुळ म्हणजे सोपी, निळा चौकोन म्हणजे मध्यम आणि काळा हिरा म्हणजे अवघड. ही पद्धत बर्फावरील स्कीइंगच्या उतारांवरून आलेली आहे. चढउतार, वाटेची रुंदी आणि वाटेतील अडथळे यांचा अंदाज ती चांगला देते, मात्र सावली किती अंतरावर आहे, दुपारी खडक किती तापतो आणि पाठीवरचे पाणी कुठे संपेल, यांविषयी तिच्यात काहीच नसते. माझ्या मते वाळवंटातील ट्रेलचा निम्मा अवघडपणा या न छापलेल्या गोष्टींत असतो. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातील ज्या दिवसाविषयी मी लिहीत आहे, त्या दिवशी अडचणीत आला तो गटातील सर्वांत तरबेज रायडर.

गट अगदी सरमिसळ होता. एक मध्यमवयीन जोडपे अनेक वर्षे सायकल चालवणारे, पण खडकाची फारशी सवय नसलेले होते. एक महाविद्यालयीन मुलगी आपल्या मावशीला घेऊन आली होती; मुलगी चपळ होती, तर मावशीने डोंगरी सायकल त्याच आठवड्यात पहिल्यांदा हातात घेतली होती. याशिवाय दोन मित्र होते, आणि त्यांपैकी एक क्रॉस-कंट्री शर्यतींत भाग घेणारा, दाट व ओलसर जंगलांच्या प्रदेशातून आलेला होता. अशा गटासाठी गावाच्या उत्तरेला महामार्ग १९१ लगत असलेल्या ‘मोआब ब्रँड्स’ ट्रेल मला सर्वांत सोयीच्या वाटतात. गुरांच्या अंगावर उमटवायच्या डागण्यांवरून या वाटांना नावे दिलेली आहेत. त्यांतील बार एम ही जुन्या गाडीवाटेची रुंद, सोपी फेरी असून सर्कल ओ, रॉकिन ए यांसारख्या खडकाळ वाटा तिलाच येऊन मिळतात. त्यामुळे माझा सहकारी तरबेज मंडळींना घेऊन खडकावर गेला, तरी पुढच्या फाट्यावर सगळ्यांची गाठ पडते आणि कोणाला खडक नकोसा झाला तर तो लाज न वाटता रुंद वाटेवर परत येऊ शकतो. वाळवंटात ट्रेल निवडताना मी तिच्या सौंदर्याआधी परतीचे फाटे मोजतो.

निघण्यापूर्वी टायरमधील हवा थोडी कमी केली आणि ट्यूबलेस टायरमधील सीलंट, म्हणजे भोके आपोआप बुजवणारा द्रव, तपासले, कारण वाहनतळाच्या कडेला सराट्याचे काटे पसरलेले असतात आणि जुन्या ट्यूबच्या टायरला तिथल्या तिथे चार भोके पडणे ही नवलाईची गोष्ट नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंना दिसणारी काळपट, खरबरीत माती गुडघे टेकून जवळून पाहायला लावली. सायनोबॅक्टेरिया, दगडफूल आणि शेवाळ यांनी बांधलेला तो जिवंत थर असतो. त्यामुळे वाळू वाऱ्याने उडत नाही आणि तुटपुंजा पाऊस जमिनीत टिकतो. एका चाकाने मोडलेला हा थर पुन्हा जमायला दशके लागतात. म्हणून नियम एकच सांगतो, की चाक वाटेवर, उघड्या खडकावर किंवा कोरड्या ओढ्याच्या वाळूतच असले पाहिजे, आणि कोणाला पुढे जाऊ देण्यासाठी वाट सोडण्यापेक्षा उतरून थांबावे.

पहिला तास मावशीबाईंचा होता. कोरड्या ओढ्याच्या वाळूत पुढचे चाक रुतले की नवशिका माणूस हँडलबार घट्ट आवळतो, रुतलेल्या चाकाकडेच पाहत राहतो आणि अर्थातच तिथेच पडतो. वजन किंचित मागे न्यायचे, हात सैल ठेवायचे, वाळू येण्याआधीच गिअर थोडा जड करायचा आणि पेडल न थांबवता नजर पलीकडच्या काठावर ठेवायची, एवढेच तंत्र असते. पण ते शरीराला पटेपर्यंत वेळ जातो. बाईंनी तो ओढा पुन्हा पुन्हा ओलांडला. खडकाच्या वीतभर पायरीपाशी मात्र त्या प्रत्येक वेळी उतरल्या आणि सायकल हाताने वर घेतली. त्यांचा तो निर्णय मला फार आवडला, कारण आपल्याला काय जमत नाही हे ज्याला नेमके कळते, त्याच्याबरोबर गाइडला निर्धास्तपणे चालता येते.

दरम्यान तो शर्यतवाला सर्कल ओवर रंगवलेल्या खुणांमागून अतिशय सफाईने निघाला होता. ओल्या मुळांवर आणि चिखलात वाढलेल्या रायडरला हा वालुकाश्म सुरुवातीला खोटा वाटतो, कारण जिथे चाक घसरणारच अशी त्याची खात्री असते, अशा उभ्या चढावरही टायर घट्ट पकड घेतो. त्याचा संशय पहिल्या काही चढांतच फिटला. एका गोष्टीचा संशय मात्र त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. वाळवंट आपल्याला कोरडे पाडणार, हे त्याने मनाशी पक्के केले होते. पाठीवरील तीन लिटरच्या पिशवीतून तो घड्याळ लावून दर काही मिनिटांनी पाणी ओढत होता आणि पहिल्या फाट्यावर आमच्याकडच्या राखीव पाण्यातून त्याने पिशवी पुन्हा काठोकाठ भरून घेतली. तहान लागेल तसे प्यावे, सोबत काहीतरी खारट खावे, असे मी त्याला सांगितले. त्यावर तो हसला आणि खाण्याने पोट जड होते म्हणाला.

साडेअकराच्या सुमारास सगळे दुसऱ्या फाट्यावरच्या जुनिपरच्या झाडाच्या विरळ सावलीत जमले, तेव्हा तो सायकल आडवी टाकून खाली बसला. डोके दुखते आहे, मळमळते आहे, असे तो म्हणाला. हवा तापली होती, अंगावरचा घाम निथळण्याआधीच वाळून जात होता आणि सगळ्यांच्या कपड्यांवर मिठाचे पांढरे ओघळ उमटले होते. जोडप्यातील गृहस्थांनी लगेच आपली बाटली पुढे केली, कारण अशा वेळी उन्हाचा त्रास आणि त्यावर उपाय म्हणून पाणी हेच कोणाच्याही मनात येते. तेवढ्यात मावशीबाईंनी त्याच्या हाताकडे बोट दाखवले. तो हातमोजा काढायचा प्रयत्न करत होता आणि मोजा बोटांवरून निघत नव्हता. मी मोजा वळवून काढला, तर बोटे सुजून गच्च झाली होती आणि अंगठीच्या दोन्ही बाजूंनी मांस वर आले होते.

बाटली मी बाजूला ठेवायला लावली. त्याला तहान अजिबात नव्हती, सकाळपासून तो अनेकदा लघवीला जाऊन आला होता आणि ती पाण्यासारखी स्वच्छ होती, पोटात पाणी डचमळत असल्याचे तो स्वतःच सांगत होता. उन्हाने थकलेल्या, शरीरातील पाणी कमी झालेल्या माणसाची ही लक्षणे नव्हेत. दीर्घ श्रमांत शरीर पाणी राखून ठेवणारे संप्रेरक सोडत राहते, त्यामुळे मूत्रपिंडे एरवीइतक्या वेगाने पाणी बाहेर टाकत नाहीत. अशा वेळी माणूस घामावाटे जाते त्याहून जास्त साधे पाणी पीत राहिला, तर रक्तातील सोडियम पातळ होत जाते. ते प्रमाण साधारणपणे लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असते. ते वेगाने खाली आले की पेशींत पाणी शिरू लागते. बोटांना आलेली सूज डोळ्यांना दिसते. मेंदूला आलेली सूज दिसत नाही, आणि तीच जीवघेणी ठरते. डॉक्टर याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. घोटाळा असा, की डोकेदुखी, मळमळ आणि थकवा ही लक्षणे दोन्ही प्रकारांत सारखीच असतात, पण एकातला उपाय दुसऱ्यात घातक ठरतो.

ट्रेलवर रक्त तपासता येत नाही, त्यामुळे निर्णय माणसाला विचारून आणि पाहूनच घ्यावा लागतो. तो शुद्धीवर होता, गिळू शकत होता, पण आपण कोणत्या ट्रेलवर आहोत हे विचारल्यावर त्याने कालच्या ट्रेलचे नाव सांगितले. ते ऐकताच वाट पाहण्याचा प्रश्नच उरला नाही. सहकाऱ्याने फोनवरून मदत मागवली आणि आमचा नेमका फाटा कळवला. मी प्रथमोपचाराच्या पिशवीतून सूपच्या खारट वड्या काढल्या आणि चार वड्या अर्ध्या कप पाण्यात विरघळवून त्याला घोटाघोटाने पाजल्या. ते मिश्रण इतके उग्र असते की निरोगी माणसालाही ते नकोसे होते, आणि त्याने तोंड वाकडे करून माझ्याकडे जे पाहिले त्यावरून तो अजून ठीक आहे एवढा दिलासा मला मिळाला. त्याला सावलीत बसते ठेवले, पाण्याची पिशवी नजरेआड केली आणि दर पाच मिनिटांनी तेच तेच प्रश्न विचारत राहिलो.

बार एम रुंद आहे याचा फायदा तेव्हा कळला. बचाव पथकाची छोटी चारचाकी थेट फाट्यापर्यंत आली. हाच प्रसंग सर्कल ओच्या मधल्या खडकावर घडला असता, तर त्याला स्ट्रेचरवरून उचलून आणावे लागले असते. त्याला आणि त्याच्या मित्राला घेऊन गाडी निघून गेल्यावर उरलेल्यांपैकी मुलीने रॉकिन एची फेरी पूर्ण करूया असे सुचवले. तिच्यात ताकद होती आणि वाट तिच्या आवाक्यातली होती, तरीही मी नकार दिला. सगळ्यांचे मन हातातल्या सायकलवर नव्हते, राखीव पाणी आणि प्रथमोपचाराचे सामान कमी झाले होते आणि पुढचे दोन तास दिवसातले सर्वांत तापलेले होते. सकाळी निळी असलेली वाट दुपारी त्याच रायडरसाठी काळी होते, असे मी तिला सांगितले. तिला ते फारसे पटले नसावे, पण ती मुकाट्याने वळली.

रुग्णालयात त्याचे सोडियम १२६ निघाले. शिरेतून तीन टक्क्यांचे मिठाचे द्रावण दिल्यावर संध्याकाळपर्यंत त्याचे बोलणे पूर्वीसारखे झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घरी सोडले. काही दिवस श्रम न करण्याचा सल्ला मिळाला होता.

त्याच्या पुढच्या दिवशी आम्ही उरलेल्यांना घेऊन डेड हॉर्स पॉइंट राज्य उद्यानातील इंट्रेपिड ट्रेलवर गेलो. कोलोरॅडो नदीच्या सुमारे ६०० मीटर वर, पठाराच्या कडेने जाणाऱ्या या वाटा टप्प्याटप्प्याने अवघड होत जातात, त्यामुळे मावशी आणि भाची एकाच दिवशी आपापल्या मगदुराप्रमाणे मनसोक्त सायकल चालवू शकल्या. खाली पोटॅशची, म्हणजे पोटॅशियमच्या क्षारांची, मिठागरे दिसतात. बाष्पीभवन लवकर व्हावे म्हणून त्यांतील पाण्यात निळा रंग घालतात, आणि तांबड्या दऱ्यांमध्ये ते निळे चौकोन पाहून प्रत्येक गट तिथे थांबतोच. आमचा शर्यतवाला सायकलशिवाय गाडीतून आला होता. त्याने पाण्याचा आणि खाऊचा ताबा स्वतःकडे घेतला. फेरी संपवून येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी खारवलेल्या शेंगदाण्यांचा डबा पुढे करत असे, मग तहान लागली आहे का हे विचारत असे, आणि उत्तर ‘हो’ आले तरच बाटली देत असे. जोडप्यातील गृहस्थ यावर थोडे वैतागले होते.